गावकारभारात कन्फ्यूशियस कसा वापरावा: सीमाभागातल्या मेंबर, अध्यक्ष आणि पंचांसाठी

‘लुन्यू’ हा कन्फ्यूशियसच्या संवादांचा संग्रह. वीस भाग, बहुतेक वचनं दोन-चार ओळींची. त्यातले बरेच प्रश्न खुर्चीवर बसलेल्या माणसांनी विचारलेले आहेत: चोऱ्या वाढल्यात, काय करू? लोक ऐकत नाहीत, कसं करू? माणसं नेमायची आहेत, कुणाला नेमू? बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागात ग्रामपंचायतीवर निवडून आलेल्या मेंबरलाही पहिल्या वर्षात हेच प्रश्न पडतात. म्हणून सुविचारांसाठी न उघडता कामासाठी हा ग्रंथ कसा उघडायचा, ते इथे मांडलं आहे. देवस्थानची पंच कमिटी, युवक मंडळ, सोसायटीचे संचालक यांनाही यातलं बरंचसं जसंच्या तसं चालतं.

माणूस कोण होता तेवढं माहीत असावं. इ.स.पू. ५५१ ते ४७९, लू राज्य, म्हणजे आजचा चीनमधला शांडोंग प्रांत. तिथे न्यायखात्याचं पद त्याने काही काळ सांभाळलं, मग सुमारे चौदा वर्षं शिष्यांना घेऊन राज्याराज्यांतून फिरला. आपल्या मताने कारभार करू देणारा राजा काही भेटला नाही. ‘लुन्यू’ त्याने स्वतः लिहिलेला नाही. शिष्यांनी आणि त्यांच्या शिष्यांनी तो जुळवला.

वाचायला कुठून धरायचं

पहिल्या पानापासून सुरुवात करू नका. आधी भाग २, १२ आणि १३ वाचा, कारण राज्यकारभारावरचं सगळ्यात जास्त तिथे आहे. मग भाग २० मधलं दुसरं वचन. बाकीचं सवडीने. पुढे १३.३ असं लिहिलं म्हणजे भाग १३, वचन ३. क्रमांकात आवृत्तीगणिक एखाद्या आकड्याचा फरक पडतो, त्याने गोंधळून जाऊ नका.

वचन वाचताना ते कुणाला सांगितलं हे आधी बघायचं. भाग ११ मध्ये झिलू नावाचा शिष्य विचारतो, ऐकलेली गोष्ट लगेच अमलात आणू का? उत्तर मिळतं, घरात वडील आणि थोरले भाऊ असताना लगेच कसं? रान चिउ हा दुसरा शिष्य तोच प्रश्न विचारतो, त्याला सांगितलं जातं, हो, लगेच आण. तिसरा शिष्य चक्रावतो. कन्फ्यूशियस सांगतो: रान चिउ मागे रेंगाळतो म्हणून त्याला पुढे ढकललं, झिलू दोघांचा जोर लावून धावतो म्हणून त्याला आवरलं. तेव्हा एखादं वचन भाषणात घेण्याआधी आपण यातले कोण, एवढं स्वतःला विचारा. तरण्याताठ्या मेंबरने रान चिउचं उत्तर स्वतःला लावून घेतलं की चार महिन्यांत निम्मी पंचायत विरोधात जाते.

एक काळजी. फोनवर त्याच्या नावाने फिरणारी कितीतरी वाक्यं त्याची नाहीतच. भाग आणि वचनाचा क्रमांक सापडत नसेल, तर ते वाक्य बॅनरवर छापू नका.

पहिलं काम: नावं सरळ करणं (१३.३)

वेई राज्याचा राजा तुमच्या हाती कारभार देणार आहे, पहिलं काम काय कराल, असं झिलूने विचारलं. उत्तर होतं, नावं सरळ करीन. झिलू म्हणाला, काहीतरीच लांबचा वळसा घेताय. तेव्हा वेईत काय चाललं होतं ते कळल्याशिवाय या उत्तराची धार कळत नाही. तिथे गादीवर मुलगा बसला होता आणि परागंदा झालेला बाप ती गादी मागत होता. बाप, मुलगा, राजा या तिन्ही नावांचा गुंता झालेला. नाव सरळ नसेल तर बोलणं जुळत नाही, बोलणं जुळलं नाही तर काम तडीला जात नाही, शेवटी शिक्षासुद्धा भलत्यालाच होते आणि लोकांना हातपाय कुठे ठेवावा ते कळत नाही, अशी साखळी कन्फ्यूशियस उलगडतो. पुढे इ.स.पू. ४८० मध्ये बाप परत आला, आणि त्या धुमश्चक्रीत झिलू मारला गेला.

आपल्याकडे हे करायचं ते असं. निवडून आल्यावर पहिल्या महिन्यात एक वही घ्या आणि दोन रकाने पाडा: ‘कागदावर कोण’ आणि ‘खरं करतं कोण’. अध्यक्ष, उपाध्यक्ष, पीडीओ (पंचायत विकास अधिकारी), बिल कलेक्टर, वॉटरमन, शाळा सुधारणा समिती, प्रत्येक पद त्यात घाला. जिथे दोन नावं जुळत नाहीत, तिथेच पुढची भांडणं आहेत.

सर्रास सापडणारी जागा म्हणजे महिला अध्यक्ष. कर्नाटकात पंचायतीत निम्म्या जागा महिलांना राखीव आहेत, आणि कितीतरी गावांत खुर्चीत बसतो तो नवरा किंवा दीर. मोठ्या भाषणाने हे सुटत नाही, तीन बारक्या गोष्टींनी सुटायला लागतं. बैठकीत अध्यक्षांच्या खुर्चीवर दुसरं कुणी बसायचं नाही, पाच मिनिटंसुद्धा नाही. पंचायतीच्या पाटीवर त्यांचा स्वतःचा मोबाइल नंबर लिहायचा, घरच्यांचा नाही. आणि सही करण्याआधी ठराव त्यांना वाचून दाखवायचा. तिसरी गोष्ट राहिली की पहिल्या दोन दिखाऊ होतात. सही त्यांची, निर्णय दुसऱ्याचा आणि चौकशी आली की जबाब मात्र त्यांनाच द्यावा लागतो.

ठरावाचं दुखणं सीमाभागात दुहेरी आहे. कागद कन्नडमध्ये, मेंबर मराठीत शिकलेला. विश्वासावर सही ठोकली जाते, आणि मग ‘आम्हाला काय माहीत’ म्हणायची वेळ येते. उपाय: प्रत्येक ठरावाची मराठीतली दोन ओळींची टीप आपल्या डायरीत, ठराव क्रमांक, तारीख, रक्कम आणि जागा यांच्यासकट. कन्नड वाचणारा एखादा तरुण गावात असतोच, त्याला शेजारी बसवा. आणि कामाचं नाव मोघम ठेवू नका. ‘गटार दुरुस्ती’ या नावाखाली एकाच गटारीचं बिल दोनदा निघू शकतं. ‘मारुती मंदिराच्या कोपऱ्यापासून शाळेच्या गेटपर्यंत, डाव्या बाजूची गटार, इतके मीटर’ असं लिहिलं तर पुढच्या वर्षी कुणालाही टेप लावून बघता येतं.

(बेळगावचं सरकारी नाव २०१४ मध्ये बेळगावी झालं. ‘नावं सरळ करणं’ म्हटलं की आपल्याकडे लोकांना आधी तेच आठवतं. १३.३ चा त्या वादाशी काही संबंध नाही, कुठल्याच बाजूने.)

दुसरं: शब्दाची खतावणी (१२.७, ५.१०)

झिगोंग या शिष्याने विचारलं, राज्य चालवायला काय लागतं? पुरेसं धान्य, पुरेसं सैन्य आणि लोकांचा विश्वास. एक सोडावं लागलं तर? सैन्य सोड. आणखी एक? धान्य सोड, मरण कुणाला चुकलेलं नाही, पण लोकांचा विश्वास नसेल तर राज्य उभंच राहत नाही. याचा अर्थ लोकांना उपाशी ठेवा असा काढू नये. १३.९ मध्ये वेईतली गर्दी बघून तोच सांगतो की आधी यांना सधन करा, मग शिकवा. १२.७ मधलं बोलणं राज्यकर्त्याच्या भांडवलाबद्दल आहे.

हे भांडवल मोजता येतं. कर्नाटकच्या १९९३ च्या पंचायतराज कायद्यानुसार वॉर्डसभा आणि ग्रामसभा सहा महिन्यांतून निदान एकदा घ्यावी लागते. त्या सहा महिन्यांचाच हिशोब धरा. वॉर्डसभेत जास्तीत जास्त तीन कामांचा शब्द द्यायचा, प्रत्येकाला तारीख लावायची आणि फळ्यावर सगळ्यांसमोर लिहायचा. पुढच्या वॉर्डसभेची सुरुवात नारळ, सत्कार, पाहुण्यांची ओळख यांपैकी कशानेही करायची नाही. आधी मागचे तीन शब्द वाचायचे: झालं, अर्धं झालं, झालं नाही. न झालेल्याचं कारण एका वाक्यात. कारण लांबलं की लोक समजायचं ते समजतात.

हे बिघडतं ते ‘करूया की’मुळे. लग्नात, बारशाला, चव्हाट्यावर, जो भेटेल त्याला मेंबर ‘करूया की’ म्हणतो. बोलणाऱ्याला ते नुसतं सौजन्य वाटतं, ऐकणारा शब्द धरून बसतो. वॉर्डसभेबाहेर दिलेला शब्द त्याच रात्री वहीत चढवायचा, नाहीतर तिथल्या तिथे ‘होणार नाही’ म्हणायचं. नकाराने चार मतं जातात. न पाळलेल्या होकाराने जास्त जातात, आणि तीही भावकीसकट.

माणसांची परीक्षा घेतानाही हाच हिशोब. झाय यू नावाचा शिष्य दिवसा झोपलेला सापडला, तेव्हा कन्फ्यूशियस म्हणाला की पूर्वी मी माणसाचं बोलणं ऐकून त्याच्या वागण्यावर विश्वास ठेवायचो, आता बोलणं ऐकतो आणि वागणं बघतो. ठेकेदाराच्या बाबतीत तर एवढं एकच वचन पुरेसं आहे.

तिसरं: दंड करण्याआधीचे चार प्रश्न (२०.२)

अख्ख्या ग्रंथात पंचायतीच्या सगळ्यात उपयोगाचं वचन हे, आणि सगळ्यात कमी वाचलं जाणारंही हेच, कारण ते अगदी शेवटी येतं. राज्यकर्त्याचे चार दोष त्यात सांगितले आहेत. न शिकवता मारणं म्हणजे क्रौर्य. आधी सूचना न देता काम पुरं मागणं म्हणजे जुलूम. हुकूम ढिलाईने द्यायचा आणि मुदत मात्र कडक धरायची म्हणजे घात. आणि जे द्यायचंच आहे ते देताना हात आखडणं म्हणजे कारकुनी वृत्ती.

पाणीपट्टी किंवा घरपट्टीच्या वसुलीला हे लावून बघा. एका गल्लीत थकबाकीमुळे नळ तोडायचे आहेत. तोडण्याआधी चार प्रश्न: थकबाकी कशी धरली ते घरोघरी कुणी सांगितलं का? नोटीस वाचता येईल अशा भाषेत होती का? तारीख शेवटच्या क्षणी ठरली का? आणि पंचायतीने त्या गल्लीला द्यायचं होतं ते, म्हणजे दिवसाआड पाणी, गटार उपसणं, दिवे, दिलं का? एकाचंही उत्तर गडबडलं तर तो दिवस नळ तोडायचा नाही, राहिलेलं पुरं करायचा.

यात पाळायचा क्रम:

१. आधी आकारणीचा तक्ता गल्लीत लावा, घरमालकाच्या नावासकट, कन्नड आणि मराठी दोन्हीत.
२. मग बिल कलेक्टरबरोबर त्या वॉर्डचा मेंबर स्वतः फिरतो. एकटा बिल कलेक्टर पाठवला की तो शिव्या खाऊन परत येतो आणि यादी तशीच राहते.
३. हप्ता पाडून द्यायचा तर सगळ्यांना सारखा. एकाला तीन हप्ते आणि शेजाऱ्याला एकरकमी, असं झालं की दोघंही भरत नाहीत.
४. पहिला नळ तुटायचा तो थकबाकी असलेल्या मेंबरचा किंवा त्याच्या भावाचा.

चौथी पायरी कडू आहे, पण बाकीच्या तीन तिच्यावर उभ्या आहेत. लू राज्यातला बडा सरदार ची कांगझी चोऱ्यांनी हैराण होऊन आला, तेव्हा त्याला मिळालेलं उत्तर (१२.१८) असं होतं: तुलाच हाव नसती, तर बक्षीस दिलं असतंस तरी लोकांनी चोरी केली नसती. असं तोंडावर ऐकवणं सोपं नव्हतं.

चौथा दोष वेगळा काढून बघा. घरकुलाचा हप्ता, वॉटरमनचा पगार, रोजगार हमीची मजुरी यांतलं जे पंचायतीच्या हातात अडलं असेल, ते मंजूर असून आठवडाभर टेबलावर ठेवायचं म्हणजे त्या माणसाने येऊन नमस्कार करावा, ही खोड जुनी आहे. पैसा सरकारचा, मान आपला! यावर उपाय एकच: पंचायतीच्या हाती असलेल्या देण्यांची यादी दर सोमवारी दारावर लावणं.

चौथं: माणसं निवडणं, आणि विरोध टिकवणं

झोंगगोंग या शिष्याला कारभारी नेमलं तेव्हा सल्ला मिळाला (१३.२): हाताखालच्यांना आधी काम वाटून दे, बारीक चुका पोटात घाल, गुणी माणसं वर आण. गुणी माणसं ओळखू कशी? तुला माहीत आहेत ती आण, जी तुला माहीत नाहीत त्यांना बाकीचे लोक विसरतील होय?

पंच कमिटी किंवा समितीचा उमेदवार निवडताना १३.२४ हाताशी ठेवा. सगळा गाव ज्याला चांगला म्हणतो तो कसा? एवढं पुरेसं नाही, असं उत्तर आहे. गावातले चांगले लोक ज्याला चांगला म्हणतात आणि वाईट लोक ज्याच्यावर जळतात, तो बरा. सगळ्यांना गोड असलेला माणूस बहुतेक वेळा कुणालाच काही बोललेला नसतो. १५.२८ ची जोडही द्या: सगळे ज्याचा तिरस्कार करतात त्याचीही चौकशी कर, सगळे ज्याच्यावर खूश आहेत त्याचीही.

बिनविरोध निवडीचं आपल्याकडे फार कौतुक आहे. १३.२३ मध्ये कन्फ्यूशियस फरक करतो: थोर माणूस मेळ राखतो पण सारखा होत नाही, हलका माणूस सारखा होतो पण मेळ राखत नाही. विरोधकाला पैसे देऊन, भावकीचा दाब आणून किंवा देवळाच्या नावाने जागेचा लिलाव करून आणलेलं बिनविरोध हे दुसऱ्या प्रकारात मोडतं, आणि लिलाव तर उघड बेकायदेशीर आहे. मेळ बघायचा असेल तर हरलेल्या उमेदवाराला पाणी समितीत घेतलं का ते बघा. २०१८ च्या विधानसभेला सीमाभागात महाराष्ट्र एकीकरण समितीचेच दोन गट एकमेकांसमोर उभे राहिले. मेळही नव्हता आणि सारखेपणाही नव्हता, निकाल सगळ्यांना माहीत आहे.

बैठकीत विरोध जिवंत ठेवायची एक साधी रीत आहे. बोलायला सुरुवात सगळ्यात नव्या किंवा सगळ्यात कमी वजनाच्या मेंबरपासून करायची, अध्यक्षांनी शेवटी बोलायचं. अध्यक्ष आधी बोलले की बाकीचे माना डोलावतात आणि खरं ते चहाच्या टपरीवर बोलतात. विरोध केला असेल तर नावानिशी कार्यवृत्तात लिहून घ्यायचा. माझं कुणी मोडत नाही, हेच राजेपणाचं सुख, असं म्हणणारा राजा चुकीचं बोलत असेल आणि कुणीच अडवत नसेल, तर त्या एका वाक्याने राज्य बुडू शकतं, असं १३.१५ मध्ये आहे.

भावकीवाले एक वचन फार आवडीने सांगतात. बापाने मेंढी चोरली तर मुलगा साक्ष देतो, असा एकाने अभिमान सांगितला. कन्फ्यूशियस म्हणाला, आमच्याकडे बाप मुलाला आणि मुलगा बापाला झाकतो, सरळपणा त्यातच आहे (१३.१८). हे घरातलं आहे. सार्वजनिक पैशाचं आलं तेव्हा त्याने स्वतःच्या शिष्यालाही सोडलं नाही. रान चिउ आधीच गब्बर असलेल्या ची घराण्यासाठी कर गोळा करून त्यांना आणखी श्रीमंत करत होता, तेव्हा ‘हा माझा नव्हे, ढोल वाजवून याच्यावर चालून जा’ असं तो शिष्यांना म्हणाला (११.१७). ही दोन वचनं एकत्रच वाचायची.

हंगाम, पूर आणि शेजारी

लोकांना कामाला लावायचं ते त्यांचा हंगाम बघून, हे १.५ मध्ये येतं. रोप लावणीच्या दिवसांत ग्रामसभा ठेवली तर बायका येणार नाहीत, आणि जे येतील ते चिखलाच्या पायांनी उभे राहून परत जातील. लावणीआधी किंवा सुगी संपल्यावर तारीख धरा, आणि वेळ संध्याकाळची. दुपारच्या सभेला कोरम कागदावरच भरतो.

तबेल्याला आग लागली तेव्हा दरबारातून परतलेल्या कन्फ्यूशियसने फक्त विचारलं, कुणाला लागलं का? घोड्यांची विचारपूस केली नाही (१०.१७). २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, वेदगंगा, दूधगंगा आणि मार्कंडेयच्या काठाला जे झालं, ते बघता पुराच्या यादीचा क्रम आधीच ठरलेला हवा: एकटे म्हातारे, गरोदर बायका आणि तान्ही मुलं, आजारी माणसं, मग बाकीचे. नावं आणि घराची खूण मे महिन्यातच लिहून ठेवायची. आपल्याकडे माणूस म्हैस सोडून घर सोडत नाही, त्यामुळे जनावरांच्या जागेची सोय त्याच कागदावर दुसऱ्या क्रमांकाला घ्या, नाहीतर माणसंही हलणार नाहीत. तेवढ्यापुरतं वचन आपल्या गावाला बेतून घ्यावं लागतं.

‘जे आपल्याला नको ते दुसऱ्याला करू नको’ (१५.२४) हे सगळ्यांना पाठ असतं. सीमाभागात त्याचा पहिला वापर अवघड जागी करावा लागतो. न वाचता येणारी नोटीस हातात पडली की कसं वाटतं, हे इथल्या मराठी माणसाला सांगायची गरज नाही. मग मराठी बहुसंख्य असलेल्या गावातल्या चार कन्नड घरांना मंडळाचा यात्रेच्या वर्गणीचा कागद फक्त मराठीत का जातो? दोन ओळी कन्नडमध्ये टाकायला खर्च नाही. आपल्या हक्काची मागणी तहसीलदारांपुढे मांडताना हा कागद सोबत दाखवता येतो, हा वरचा फायदा.

जिथे त्याला बाजूला ठेवायचं

निवडणूक, समान मत, जातीपातीपलीकडचा नागरिक यांची कल्पना या ग्रंथात नाही. बायकांबद्दलचं १७.२५ मधलं वाक्य आज कुठल्याही व्यासपीठावर बोलण्यासारखं नाही. थोरला-धाकटा, वरचा-खालचा ही उतरंड त्याच्या विचारात खोलवर आहे. शिकवताना वर्गभेद नाही असं तो म्हणतो (१५.३९), पण ते शिक्षणापुरतं. पंचायतीत राज्यघटनेचं कलम १४ (कायद्यापुढे सगळे समान) आणि राखीव जागा आधी, कन्फ्यूशियस नंतर. एक ठोकताळा सांगता येईल: त्याचं वचन नेत्यावर बंधन घालत असेल तर घ्या, लोकांनी गप्प बसावं म्हणून कुणी सांगत असेल तर परत करा.

खुर्ची सोडताना (५.१९)

आरक्षणाप्रमाणे अडीच वर्षांनी अध्यक्षपद बदलतं, आणि जाणारा माणूस कपाटाची किल्ली आठवडाभर खिशात घेऊन फिरतो. चू राज्याचा झिवन तीनदा मुख्य मंत्री झाला, हरखला नाही. तीनदा काढला, चिडला नाही. आणि दर वेळी नव्या मंत्र्याला जुना कारभार समजावून गेला. निष्ठावान होता, एवढं कन्फ्यूशियसने मान्य केलं. नव्या अध्यक्षांना देताना एका कागदावर या गोष्टी असाव्यात: अर्धवट कामं आणि त्यांची मोजमापं, थकलेली बिलं आणि थकण्याचं कारण, कोर्टातल्या केसचे नंबर आणि पुढची तारीख, वॉर्डसभेत दिलेले पण न झालेले शब्द, बोअर आणि पंपांच्या दुरुस्तीच्या तारखा, किल्ल्या. दोन प्रती काढून पीडीओंसमोर दोघांच्या सह्या घ्यायच्या. जाणाऱ्याने आपली प्रत जपून ठेवायची. पुढच्या वर्षी जमाबंदीत, म्हणजे पंचायतीच्या वार्षिक हिशोब तपासणीत, प्रश्न आला तर तीच कामाला येते.